एचएमआरसी ॲप: ब्रिटनमधल्या पगारकपातीचा हिशेब कितपत उलगडतो?

ब्रिटनमध्ये नव्याने नोकरीला लागलेला माणूस पगारपत्रकात आधी हातात किती पडले ते बघतो, मग इन्कम टॅक्सचा आकडा बघून कपाळाला हात लावतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला टॅक्स कोड, म्हणजे किती पगार करमुक्त धरायचा हे कंपनीला सांगणारा कोड, मात्र बघायचा राहून जातो. कपातीत गडबड असते ती बहुतेक वेळा तिथेच. ब्रिटिश कर खात्याचं, म्हणजे एचएमआरसीचं, मोफत मोबाइल ॲप या एका गोष्टीसाठी तरी फोनवर असायलाच हवं. बाकी बाबतीत ते कुठे उपयोगी आहे आणि कुठे गप्प बसतं, ते खाली. आकडे २०२५-२६ या करवर्षाचे (६ एप्रिल ते ५ एप्रिल) आणि इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमध्ये कोडच्या आधी 'एस' लागतो आणि कराचे दर वेगळे असतात.

पहिला अडथळा आत शिरण्याचाच. ओळख पटवताना ब्रिटिश पासपोर्ट, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, अलीकडचं पगारपत्रक किंवा पी-६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा कंपनीने दिलेला दाखला), नाहीतर क्रेडिट इतिहासावरचे प्रश्न असे पर्याय येतात. नुकत्याच आलेल्या माणसाकडे यातलं जवळपास काहीच नसतं, क्रेडिट इतिहास तर कोराच. म्हणून नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पहिलं पगारपत्रक हातात आल्यावरच नोंदणीला बसा. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो: पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं आणि एचआरने भलतंच काहीतरी भरलेलं असतं. रुजू होतानाच नाव आणि जन्मतारीख पासपोर्टबरहुकूम नोंदवून घ्या.

आत गेलात की पहिल्यांदा टॅक्स कोड उघडा. नेहमीचा कोड १२५७ एल, म्हणजे वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही. त्यापुढे एकूण ५०,२७० पर्यंत २० टक्के आणि त्याच्यावर ४० टक्के. ॲप नुसता कोड दाखवून थांबत नाही, तो कसा बनला तेही मांडतं, आणि हे काम ते झकास करतं. समजा कंपनीने ६०० पौंडांचा खासगी आरोग्यविमा दिला आहे. मग तेवढी रक्कम करमुक्त मर्यादेतून वजा होऊन कोड ११९७ एल होतो आणि महिन्याला १० पौंड जास्त कापले जातात. पत्रकावर याचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं, ॲपमध्ये ते सापडतं.

कोडच्या शेवटी 'एम१', 'डब्ल्यू१' किंवा 'एक्स' दिसलं तर सावध व्हा. हा इमर्जन्सी कोड. त्यात प्रत्येक महिना सुटा धरतात, आधीच्या महिन्यांची न वापरलेली करमुक्त रक्कम जमेला धरत नाहीत. एप्रिलनंतर आलेल्यांना हे चांगलंच महागात पडतं. वर्षाला ४२,००० पौंड, म्हणजे महिन्याला ३,५०० पौंडांवर कोणी १ ऑक्टोबरला रुजू झालं असं धरू. साध्या १२५७ एल कोडवर एप्रिलपासूनची सूट साठलेली असल्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा कर शून्य, डिसेंबरचा २१३ पौंड, आणि त्यानंतर महिन्याला ४९० च्या आसपास. 'एम१' लागला की पहिल्या महिन्यापासूनच ४९०.२० कापले जातात. मार्चअखेर साधारण १,२५७ पौंड जास्तीचे गेलेले असतात.

याचं मूळ रुजू होताना भरलेल्या स्टार्टर चेकलिस्टमध्ये असतं. तिथल्या उत्तरांवरून तुमचं विधान ए, बी की सी हे ठरतं. 'ए' म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही पहिली नोकरी, त्यावर साधा कोड मिळतो. भारतात नुकतीच सोडलेली नोकरी मनात धरून 'बी' झालं की 'एम१' लागला. 'सी', म्हणजे आणखी एक नोकरी किंवा पेन्शन चालू आहे, यावर 'बीआर' येतो: पहिल्या पौंडापासून २० टक्के. फॉर्मच दिला नाही तर '०टी', त्यातही सूट शून्य.

कोड चुकला असेल तर ॲपमधून नोकरीची माहिती दुरुस्त करा. कर खातं नवा कोड थेट कंपनीला कळवतं आणि पुढच्या पगारात फरक परत येतो. वरच्या उदाहरणात डिसेंबरला कोड सुधारला तर त्या महिन्याच्या पत्रकात टॅक्सपुढे वजा ७६७.४० दिसेल. ती चूक समजून पेरोलला फोन करू नका, तो तुमचाच परतावा आहे. ५ एप्रिल उलटल्यावर मात्र परतावा पगारातून येत नाही. तो खात्याकडे मागावा लागतो आणि तेही ॲपमधून फुकट होतं. टक्केवारीवर 'रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागायचं काहीच कारण नाही. चार करवर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करता येतो.

पत्रकातली पुढची ओळ नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे सरकारी पेन्शन वगैरेंसाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या योगदानाची. हा हिशेब साठत जाणारा नाही. महिन्याला १,०४८ ते ४,१८९ पौंडांमधल्या रकमेवर ८ टक्के, त्यावर २ टक्के. म्हणून वरच्या उदाहरणात ऑक्टोबरला टॅक्स शून्य असूनही इन्शुरन्सचे १९६.१६ कापले जातातच, आणि ते बरोबर आहे. ॲपमध्ये कोणत्या वर्षाचं योगदान पूर्ण धरलं गेलं ते दिसतं. सरकारी पेन्शन मिळायला सहसा किमान १० वर्षं लागतात. त्याआधी कायमचं भारतात परतलात तर हा पैसा परत मिळत नाही, आणि भारतात राहून पेन्शन घेतली तर ती दरवर्षी वाढत नाही. ॲप पेन्शनचा अंदाज दाखवताना हे ठळकपणे सांगत नाही, सांगायला हवं.

खरं घोडं पेंड खातं ते कंपनीच्या पेन्शनपाशी. २२ वर्षांपुढच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांवर पगार असलेल्यांना कंपनीने यात घालणं बंधनकारक आहे. किमान योगदान तुमचे ५ टक्के आणि कंपनीचे ३ टक्के, पण ते सहसा पूर्ण पगारावर नाही, तर महिन्याला ५२० पौंडांवरच्या रकमेवर. ३,५०० पगाराला तुमचे १४९ होतात. आता दोन सहकाऱ्यांची पत्रकं शेजारी ठेवा. एकाच्या पत्रकात पेन्शन १४९ आणि टॅक्स ४६०.४० आहे. दुसऱ्याच्या पत्रकात पेन्शन ११९.२० आणि टॅक्स ४९०.२० आहे. दोघांच्याही हातात पडतात २,६९४.४४. पहिल्याचं योगदान टॅक्सच्या आधी कापलं, दुसऱ्याचं नंतर, आणि उरलेले २९.८० सरकार परस्पर पेन्शन खात्यात भरतं. तिसरी पद्धत सॅलरी सॅक्रिफाइसची. त्यात पगारच १४९ ने कमी धरतात, त्यामुळे इन्शुरन्सचेही ११.९२ वाचतात.

ॲप इथे गप्प. तुमच्या कंपनीची पद्धत कोणती, ते त्यात कुठेच कळत नाही. पगाराच्या नोंदीत दिसते ती करपात्र रक्कम, म्हणून पहिल्या पद्धतीत ३,५०० च्या जागी ३,३५१ दिसतात आणि 'कंपनीने पगार कमी दाखवला' म्हणून लोक घाबरतात. हातात किती पडेल ते सांगणाऱ्या टॅक्स कॅल्क्युलेटरचा आकडा पत्रकाशी जुळला नाही, तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण पेन्शन हेच. 'दोन वर्षांत परतच जायचंय' म्हणून पेन्शनमधून बाहेर पडायचं असेल तर नोंदणीनंतर एक महिन्याच्या आत सांगा, कापलेलं सगळं परत मिळतं. पण मग कंपनीचे महिन्याचे ८९.४० सोडावे लागतात, तेव्हा घाई नको.

कर भरून झाल्यावरची कपात, म्हणजे उचल, प्रशिक्षणाचा खर्च, व्हिसाची वसुली, ॲपमध्ये येत नाही. ती कायद्यात किंवा लेखी करारात बसते का, ते पत्रकावरूनच तपासा. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कर्मचारी आणण्याबद्दलचं सरकारी शुल्क) कंपनीने स्वतः भरायचा असतो. त्याची वसुली पगारातून करता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

ॲपमध्ये चालू आणि मागच्या पाच वर्षांच्या नोंदी राहतात. कंपनीचं पेरोल पोर्टल मात्र नोकरी सोडल्यावर बंद होऊ शकतं, तेव्हा सगळी पगारपत्रकं आणि दर मे अखेरपर्यंत मिळणारा पी-६० आधीच उतरवून ठेवा. कायमचं परतताना पी-४५ (नोकरी सोडताना कंपनी देते तो पगार-कराचा दाखला) हातात आला की पी-८५ (ब्रिटन सोडत असल्याचं कर खात्याला कळवणारा फॉर्म) भरा. वर्षाच्या मध्यात निघालात तर उरलेल्या महिन्यांची सूट धरून बहुधा थोडाफार कर परत निघतो.