टायबेरियसच्या मानेवरचा घाव

२२,५०० रुपये. चार नाणी. चारही खोटी. लाजेने महिनाभर तोंड मिटून बसलो होतो, पण तो माणूस अजून विकतोय म्हणून लिहितोय.

सोलापुरात आमचं टॉवेल-चादरींचं दुकान. मालासाठी तमिळनाडूत करूरला जाणं-येणं असतं. तिथल्या अमरावती नदीच्या पात्रात रोमन नाणी सापडलीत, हे खरंच आहे, आणि तेच माझ्या मुळावर आलं. लॉजवर ओळख, "पात्रात मिळालं सार", पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एकाचे ६,५०० सांगितले, चारांचं २२,५०० वर तोडलं. ५,००० यूपीआयने, १७,५०० रोख.

मी अगदीच अडाणी नव्हतो हो! एका बाजूला रोमन बादशहा टायबेरियसचं डोकं, भोवती 'दैवी ऑगस्टसचा पुत्र'. मागे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली बाई, 'पाँटिफ मॅक्सिम' म्हणजे मुख्य पुरोहित. बादशहाच देवाचा मुलगा आणि बादशहाच भटजी! सगळं जुळत होतं. जुळणारच, खऱ्यावरूनच साचा काढलेला.

आणि तो घाव. मानेवर छिन्नीचा. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या रोमन नाण्यांवर असे घाव आहेत, हे वाचलेलं. म्हणून उलट खूश झालो. अरे, पण चौघांनाही त्याच जागी, तेवढाच लांब, शेवटी तसाच किंचित वळलेला? हाताने मारलेले घाव असे येतात होय? ट्यूबलाइटखाली चारही शेजारी मांडून बघत होतो. दिसत होतं. आणि मी काय केलं, तर फोटो काढून मुलाला पाठवला!

सोनाराकडे प्रत्येक नाणं २.९ ग्रॅमच्या आसपास भरलं. अशा चांदीच्या नाण्याचं हवं पावणेचार. कडेला कानस मारून लपवलेला साच्याचा जोड. खिशातला वजनकाटा आधी घ्या, नाणं मग.

पोलीस म्हणाले, गुन्हा तिकडचा, तिकडे जा. तिकडे फोन केला तर भाषेचीच बोंब. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर रोख रकमेचं काही होत नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. एका साहेबांनी तर १९७२ चा पुरावस्तू कायदा मलाच ऐकवला: परवाना नसलेल्याकडून घेतलंच कसं? म्हणजे खरं निघालं असतं तर मीच अडकलो असतो, खोटं निघालं तर ती पुरावस्तूच नाही! परवाना आधी विचारा, पक्कं बिल मागा. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट कुणीही छापतं.

त्याने मला ब्लॉक केलंय. परवा भाच्याच्या फोनवर त्याचं स्टेटस पाहिलं. नवं नाणं. मानेवर तोच घाव.