मॅकडोनाल्ड्स आणि चिपोटले: नफ्याचे आकडे वाचताना

दोन्ही अमेरिकी कंपन्या, दोन्ही खायला घालतात, पण कमाईची तऱ्हा वेगळी. मॅकडोनाल्ड्सची सुमारे 95 टक्के दुकानं फ्रँचायझीधारक, म्हणजे तिचं नाव वापरणारे स्वतंत्र मालक, चालवतात. कंपनीला मिळतं भाडं आणि रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल विक्रीतला वाटा. म्हणून 2023 मध्ये साधारण 25.5 अब्ज डॉलर महसुलावर तिचा कामकाजी नफा (व्याज आणि कर वजा करण्याआधीचा) 45 टक्क्यांच्या आसपास होता. मेक्सिकन पद्धतीचं खाणं विकणारी चिपोटले अमेरिकेतली दुकानं स्वतःच चालवते. पगार, भाज्या, मांस सगळं तिच्याच वहीत. त्याच वर्षी महसूल 9.9 अब्ज, कामकाजी नफा जेमतेम 16 टक्के. त्यामुळे या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून ‘कोण सरस’ ठरवणं मला चुकीचं वाटतं. एकीचा धंदा निम्मा घरमालकाचा आहे!

ट्रेडमार्कचं वजन मॅकडोनाल्ड्सकडे जास्त, कारण ती नावच भाड्याने देते. तरी जून 2024 मध्ये युरोपीय न्यायालयात आयर्लंडच्या सुपरमॅक्स या फास्ट फूड साखळीविरुद्ध ‘बिग मॅक’ या नावावरचा चिकनचे पदार्थ आणि रेस्टॉरंट सेवांपुरता हक्क तिने गमावला, कारण त्यांच्यासाठी सलग पाच वर्षांच्या काळात नावाचा खरा वापर सिद्ध झाला नाही.

गंमत म्हणजे हे स्पर्धक एकेकाळी एकाच घरातले. चिपोटलेतला उरलेला हिस्सा मॅकडोनाल्ड्सने 2006 मध्ये सोडला.