क्यूओ-१०० आठ महिने ऐकल्यावर: एलएनबीचा ड्रिफ्ट, नॉइज आणि काय केल्याने फरक पडला

जानेवारीपासून रोज थोडा वेळ तरी क्यूओ-१०० ऐकतोय, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांचे सिग्नल उपग्रहावरून परत पाठवणारा ट्रान्सपॉन्डर. फक्त रिसिव्ह, ट्रान्समिट अजून केलेलं नाही. सामान साधंच आहे, ९० सेंमीची ऑफसेट डिश, डीटीएचवाल्याकडे मिळतो तसला पीएलएल एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल वाढवून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा; पीएलएल म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी क्रिस्टलला बांधलेली), आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ रिसिव्हर) आणि लॅपटॉप. आता सप्टेंबर, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस तिन्ही बघून झाले. सविस्तर लिहितोय कारण नवीन माणूस पहिल्या आठवड्यातच वैतागून सोडून देतो आणि तसं कुणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं.

हा ट्रान्सपॉन्डर कतारच्या एस्हेल-२ उपग्रहावर आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये गेला, २६ अंश पूर्वेला एका जागी उभा. एसओ-५० हा छोटा उपग्रह किंवा आयएसएस हे अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना (म्हणजे एका पासमध्ये) ऐकणाऱ्यांना माहितीय, तिथे डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी बदलत असल्याने, ४३६-४३७ मेगाहर्ट्झवर एका पासमध्ये वीसेक किलोहर्ट्झ मागे धावावं लागतं. इथे तो प्रकार जवळजवळ नाहीच, त्यामुळे मला वाटलेलं एकदा फ्रिक्वेन्सी लावली की झालं. पण पहिल्याच दिवशी बीकन, म्हणजे उपग्रहावरून सतत येणारा खुणेचा सिग्नल, डोळ्यांसमोर सरकत होता. हाच ड्रिफ्ट.

त्याआधी डिशचं सांगतो. पुण्यात डीटीएचच्या डिश दक्षिण-आग्नेयेकडे बघतात, ही मात्र पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला, उंची साधारण ३२ अंश. आणि एलएनबी नुसता सरळ लावून चालत नाही, इथून उपग्रह इतका बाजूला आहे की तो जवळपास ६५ अंश फिरवावा लागतो. मी आधी उलट्या बाजूला फिरवला होता आणि चार दिवस काहीच धड ऐकू येईना, नुसता सुळसुळ आवाज.

आता मूळ मुद्दा. सिग्नल येतो १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झवर, एलएनबीच्या आत ९७५० चा ऑसिलेटर, म्हणून डोंगलवर ७३९.५ ते ७४० दिसतो. हे ९७५० कुठून येतं तर २५ मेगाहर्ट्झच्या छोट्याशा क्रिस्टलला ३९० ने गुणून, म्हणजे क्रिस्टल १ हर्ट्झ हललं की तुमचा सिग्नल ३९० हर्ट्झ हलला, आणि एसएसबीवर (हॅमवाल्यांची बोलण्याची पद्धत) शंभर-दोनशे हर्ट्झ इकडेतिकडे झाले तरी बोलणाऱ्याचा आवाज पार बदलतो. डोंगल १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) चुकला तर ७४० हर्ट्झ, एलएनबी १ पीपीएम चुकला तर पावणेदहा किलोहर्ट्झ. मी आधी महागडा टीसीएक्सओवाला (तापमानाने कमी हलणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल घेतला आणि फरक शून्य, कारण दोष गच्चीवर होता, टेबलावर नाही.

एप्रिल-मे मध्ये पहाटे आणि भर दुपारी मिळून बीकन जवळपास ४० किलोहर्ट्झ सरकलेला मी मोजलाय. ढग सूर्यावरून गेला की दोन मिनिटांत हजारभर हर्ट्झ. मग एलएनबीवर थर्माकोलचा डबा बसवला, सांध्यांना टेप, आत पाणी साचू नये म्हणून खालून एक बारीक भोक. थर्माकोलमधून सिग्नल आरामात जातो. त्याने एकूण सरकणं तेवढं कमी झालं नाही पण झटके गेले, आता हळूहळू सरकतो आणि एसडीआर कन्सोल या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्याच्या मधल्या पीएसके (डिजिटल) बीकनला लॉक लावला की पुढचं सॉफ्टवेअर सांभाळतं. चालू केल्यावर पहिला अर्धा तास तरी थांबा, एलएनबी गरम होत असतो. आणि एक सवय लावून घ्या, एखादा स्टेशन सरकताना दिसला की आधी बीकन बघा. बीकनही सरकतोय तर तुमचा एलएनबी, बीकन जागेवर असेल तर समोरच्याचा ट्रान्समीटर.

नॉइजचं म्हणाल तर मला सर्वात जास्त छळलं ते एलएनबीच्या पॉवरने. व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पोलरायझेशनसाठी १२-१३ व्होल्ट लागतात, मी बाजारातला एक स्वस्त स्विचिंग अडॅप्टर लावला होता. पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या बीकनचा सीडब्ल्यू (मोर्सचा) टोन बासरीसारखा स्वच्छ हवा, तो घोगरा येत होता, जणू घसा बसलाय. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी लावली आणि त्याच क्षणी टोन साफ. दुसरं म्हणजे डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते. एलएनबीमध्येच पन्नासेक डीबी गेन असतो, त्यावर डोंगलचाही फुल केला की खोटे सिग्नल उगवतात, मी तो अर्ध्याहून खाली ठेवतो. डोंगल लॅपटॉपला थेट खोचू नका, एक्सटेन्शन केबलवर लांब ठेवा.

डिश नीट लागली की वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रात) ५०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक ओटा उठलेला दिसतो, तो उपग्रहाचाच नॉइज. हा ओटा दिसतोय म्हणजे तुमचं रिसिव्ह पुरेसं आहे, आणखी मोठ्या डिशची गरज नाही. जुलैत मुसळधार पाऊस आला की ओटा डोळ्यांदेखत बसायचा, दहा मिनिटांनी पुन्हा वर. मार्चच्या मध्यावर दुपारी चारच्या सुमारास उलट झालं, सगळीकडचाच नॉइज एकदम चढला, मी कनेक्टर तपासत बसलो तर कळलं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलाय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा येईल, यावेळी रेकॉर्डिंग लावून ठेवणार आहे.