पुरीला गेलात तर रघुराजपूर चुकवू नका

जगन्नाथाचं दर्शन झालं की बहुतेक लोक बीचवर जातात नि परत फिरतात, पण पुरीपासून साधारण १४ किमीवरचं रघुराजपूर बघाच. पट्टचित्रवाल्यांचं, म्हणजे कापडावर पारंपरिक चित्रं काढणाऱ्यांचं गाव, घराघरात कारागीर. आम्ही ज्या घरी गेलो तिथल्या काकांनी सगळं करून दाखवलं, सुती कापडावर चिंचोक्याची खळ नि खडूची भुकटी लावायची, मग दगडाने घासून चामड्यासारखं गुळगुळीत करायचं, पांढरा रंग शंखाचा, काळा दिव्याच्या काजळीचा, लाल हिंगुळाचा. ताडपत्रावर लोखंडी टोकाने कोरलेली रेघ तर दिसतच नव्हती, वरून काळं चोळल्यावर अख्खा दशावतार उमटला, अंगावर काटा आला हो! गोल गंजपा पत्तेही मिळतात, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचे भाऊच. किंमत जास्त वाटेल पण मेहनत बघितल्यावर मला घासाघीस करवली नाही. आदल्या दिवशी मंदिराजवळच्या एका दुकानात मला प्रिंट केलेलं चित्र हाताचं म्हणून विकलं, त्यामुळे थेट कारागिराकडूनच घ्या.

जेवणाचं म्हणाल तर जगन्नाथ मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारातला महाप्रसाद. मातीच्या मडक्यात, लाकडाच्या चुलीवर शिजलेला भात नि डाळ, कांदा-लसूण नाही, बटाटा-टोमॅटोही नाही, तरी चव अशी की आम्ही दोनदा घेतलं. जमिनीवर बसून, सगळे एकत्र. मोबाईल मात्र मंदिरात नेता येत नाही. येताना खाजा (इथली पापुद्र्यांची मिठाई) घ्या, घरी आणेपर्यंत कुरकुरीत राहिला होता.