सातारा हिल हाफ मॅरेथॉन: साठीनंतर धावणाऱ्यांसाठी

२१.१ किलोमीटर, पावसाळी हवा आणि रस्त्याकडेला टाळ्या वाजवणारे सातारकर. ज्येष्ठांनी आवर्जून धावावी अशी ही शर्यत आहे. शनिवारीच मुक्कामाला या. रात्रीच्या प्रवासाने आखडलेले पाय यवतेश्वर घाटात साथ देत नाहीत. परतीच्या वळणापर्यंत बहुतांश चढच, तिथे दम लागला तर बिनधास्त चाला.

खरी कसोटी उताराची. लांब ढांगा टाकल्या की प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणत ब्रेक लावतात, गुडघे धक्के खातात आणि शहरातल्या शेवटच्या टप्प्यात पेटके येतात. पावलं आखूड, झटपट टाका. धड किंचित पुढे. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे असतात, ते टाळा. गार हवेत तहान जाणवत नाही, तरी घोटभर पाणी पीत राहा.