लेथचा चक गार्ड : घ्याच, पण स्विचवाला घ्या

सातपूरच्या टूलरूममध्ये नोकरी झाली. आता पाथर्डी फाट्याला घरामागच्या शेडमध्ये लहान लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारं मशीन) चालवतो. जुन्या नाशकातल्या तांबट मंडळींची कामं येतात, जास्त करून समईचे दांडे आणि पितळी नळ्या. सुट्टीत नातू मशीनपाशी येऊन उभा राहतो, त्यामुळे चकवर, म्हणजे तुकडा जबड्यांत पकडून फिरवणाऱ्या भागावर, पारदर्शक गार्ड बसवून घेतला. स्थानिक बनावटीचा आहे, आणि पैसे वसूल झाले असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना शीट पॉलिकार्बोनेटचंच आहे ना, हे विचारा. अ‍ॅक्रिलिक दिसायला तसंच असतं, पण तुकडा आदळला की त्याच्याच ठिकऱ्या उडतात. पॉलिकार्बोनेट मार सोसतं. मात्र ते थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे. पितळेची चिप (कापताना निघणारा कीस) सुईसारखी उडते, ती आता शीटवरच अडते. चष्मा मी तरीही लावतोच.

खरी किंमत आहे ती गार्डला जोडलेल्या मायक्रोस्विचची. गार्ड वर असेल तर मशीन चालू होत नाही, आणि चक आवळायची चावी चकमध्ये राहिली असेल तर गार्ड खालीच येत नाही. चकमध्ये विसरलेली चावी मशीन सुरू होताच गोळीसारखी उडते, हे कोणत्याही टर्नरला सांगावं लागत नाही. स्विच मोटरच्या मेन वायरमध्ये जोडू नका, तेवढा करंट तो सोसणार नाही. कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) कॉइलच्या लाइनमध्ये घ्या आणि स्टार्टचं पुश बटण वेगळं ठेवा. म्हणजे गार्ड बंद केल्यावर किंवा पावसाळ्यात गेलेली लाइट परत आल्यावर मशीन आपोआप फिरणार नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

उणीव एकच, पण मोठी. ट्रू चकवर (तिन्ही जबडे एकत्र सरकतात तो) गार्ड छान बसतो. डॉग चकचे (चार जबडे वेगवेगळे सरकतात तो) जबडे बाहेर काढले की ते शीटला घासतात. माझं निम्मं काम डॉग चकवर असल्यामुळे मला ब्रॅकेट वर सरकवून घ्यावं लागलं. ऑर्डर देताना मोठ्या चकचं आणि बाहेर आलेल्या जबड्यांचं माप द्या.

आणि गार्ड जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) धरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. व्यासाच्या तिपटीहून जास्त जॉब बाहेर असेल तर टेलस्टॉकचा सेंटर, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, द्याच. पातळ नळी ट्रू चकमध्ये आवळली की तीन ठिकाणी दबते. बोअर (आतलं भोक) गोल दिसतो, पण जबडे सोडले की गोल राहत नाही. त्यासाठी नळीवर बाहेरून एक चिरलेली रिंग घाला किंवा सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) त्या मापाला टर्न करून घ्या. स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागून लांब बार बाहेर येत असेल तर तिकडे हा गार्ड काहीच करत नाही. वेगात तो बार वाकून चाबकासारखा फिरतो, म्हणून आधी कापून लहान करा.

बिजागरीचा नट कंपनांनी ढिला होतो. दुकानदाराकडून साध्या नटाऐवजी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) मागून घ्या.