वरातीची विंटेज गाडी मागून बसली: कमान भरावी, पाटा वाढवावा की नवा सेट टाकावा?

विदर्भातल्या दारव्हा, दिग्रस, कारंजा, आर्वी या पट्ट्यात लग्नसराईत घोड्याच्या जोडीला आता विंटेज दिसणारी उघडी गाडीही वरातीत असते. वरून ती १९३० सालची, खालून मात्र जुनी जीप, ॲम्बॅसेडर नाहीतर मारुती. परदेशात अशा गाड्यांचे तयार किट विकले जायचे. फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर एमजी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या रूपाची फायबर बॉडी बसवली की झालं. आपल्याकडे गाडी हरियाणातल्या डबवालीहून बांधून आणलेली असो की तालुक्याच्या वेल्डरनं उभी केलेली, काही सीझननंतर दुखणं एकच: मागची बाजू बसते, नाक वर होतं आणि मडगार्ड टायरला घासू लागतं.

गॅरेजवाला सहसा एकच उपाय सांगतो, जो त्याच्या हातचा असतो. गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग) म्हणजे पाटे, आणि त्यांचा बाक म्हणजे कमान. पाटेवाला म्हणतो कमान भरू, वेल्डर म्हणतो ठोकळा टाकू, स्पेअरवाला नवा सेट दाखवतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ‘बसणं’ दोन तऱ्हेचं असतं. एकात उंची गेलेली असते, दुसऱ्यात ताकद कमी पडत असते. हे आधी कळलं नाही तर पैसे चुकीच्या दुकानात जातात.

आधी टेप काढा

चारही टायरांत योग्य हवा भरा आणि गाडी सपाट जागी लावा. जिनिंगचं सिमेंटचं आवार चालेल, घराचं अंगण नाही. गाडी दोन-चारदा वरखाली दाबून सोडा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. बॉडी हातानं बांधलेली असेल तर डावं-उजवं मडगार्ड मुळातच सारखं नसतं, म्हणून ॲक्सलच्या नळीपासून चासीपर्यंतही मोजा. खरं माप तेच.

आता मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर सिमेंटच्या चार गोण्या ठेवा. गोणी ५० किलोची, म्हणजे २०० किलो झाले. समजा गाडी ४० मिलिमीटर दबली, तर दोन्ही बाजूंचे पाटे मिळून दर मिलिमीटरला ५ किलो पेलतात. हा आकडा वहीत ठेवा, पुढे लागणार आहे.

रिकामी गाडीच खाली बसलेली असेल तर कमान गेली. रिकामी ठीक उभी राहते, पण नवरदेव आणि मंडळी चढली की ॲक्सल बंप रबरला (तो चासीवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराला) टेकतो, तर कमान शाबूत आहे आणि वजन जास्त आहे. जुनं झालं की पाट्याचं पोलाद मऊ पडतं, असं सर्रास ऐकू येतं. तसं होत नाही. जास्त वजन आणि खड्ड्यांचे हादरे यांनी पाटा थोडाथोडा कायमचा सरळ होत जातो. बसलेला पाटाही २०० किलोला तेवढाच दबतो, फक्त सुरुवात खालून करतो. पाटा तुटलेला किंवा गंजून झिजलेला असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या काळ्या मातीचा चिखल पाट्यांच्या मधे जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणून धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून, विशेषतः पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ चीर आहे का ते बघा.

सीट कुठे आहे?

विंटेज रूपासाठी नाक लांब ठेवतात आणि नवरदेवाचं सिंहासन पार मागे जातं, पुष्कळदा ॲक्सलच्याही मागे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २४० सेंटिमीटर धरा आणि सीट ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे. त्यावर २०० किलोची माणसं बसली, तर मागच्या ॲक्सलवर २५० किलो येतात आणि पुढचे ५० किलो उचलले जातात. नाक वर होण्याचं आणि स्टिअरिंग हलकं लागण्याचं कारण इथं असतं. वरच्या आकड्यानं गाडी ५० मिलिमीटर दबेल. तीच सीट ॲक्सलच्या डोक्यावर आणली तर ४० मिलिमीटर.

हे १० मिलिमीटर लक्षात ठेवून पुढचं वाचा.

एक पाटा वाढवणं

“एक पाटा टाकून देतो न भाऊ, ट्रकावानी होऊन जाईन गाडी,” असं कोणी म्हटलं तर भीती त्याचीच वाटायला हवी. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला की ताठपणा ढोबळमानानं २० टक्के वाढतो. आपले ५ किलो ६ होतात आणि २५० किलोला गाडी ५० ऐवजी साधारण ४२ मिलिमीटर दबते. फायदा ८ मिलिमीटरचा, म्हणजे सीट सरकवण्यापेक्षाही कमी. नवा पाटा जास्त कमानीचा असेल तर रिकामी गाडीही थोडी उचलली जाते, हे खरं. पण गेलेली कमान भरून काढायला हा उपाय वापरला तर उंची थोडी मिळते आणि कडकपणा कायमचा गळ्यात पडतो.

दुकानदार जाड पाटा देऊ लागला तर जास्तच जपा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा एकटाच २.३७ पट ताठ असतो. पांदण रस्त्यानं गाडी नेली की तो हादरा पाटा पचवत नाही, बॉडीचे वेल्ड पचवतात, आणि पत्र्याच्या सांध्यांत तडे दिसू लागतात.

वजन खरोखर वाढलं असेल, म्हणजे साउंडच्या बॅटऱ्या आणि लोखंडी छत्र वगैरे चढवलं असेल आणि ते काढायचं नसेल, तर मात्र हाच उपाय योग्य. दोन्ही बाजूंना, त्याच जाडीचा, मधल्या लांबीचा.

कमान भरणं

उंची गेली आणि पाटे धड आहेत, तर तर्काला पटणारा उपाय हा. अडचण तो कोण करतो यात आहे. बैलगाडीच्या चाकावर लालबुंद धाव चढवणारा लोहार हातानं कितीही तयार असला तरी पाट्याचं काम निराळं. संपूर्ण पाटा सुमारे ९०० अंशांपर्यंत एकसारखा तापवायचा, कमान देऊन तेलात बुडवायचा आणि मग पुन्हा ४०० ते ५५० अंशांच्या दरम्यान तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. मीटरभर लांबीचा पाटा भात्याच्या भट्टीत एकसारखा तापत नाही. पाण्यात बुडवला तर चीर जाऊ शकते. गॅसच्या ज्योतीनं मधेच लाल करून वाकवला तर तेवढ्या जागी पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, आणि पाटा तिथंच पुन्हा बसतो किंवा तुटतो. पाटा न तापवता ठोकून दिलेली कमान त्यापेक्षा बरी, पण ती फार टिकत नाही.

नागपूरजवळची वाडी, हिंगणघाट किंवा अमरावती-अकोला रस्त्यावर ट्रकांचे पाटे करणारे असतात. त्यांना सरळ विचारा: तेलात बुडवून परत तापवता की नुसते ठोकता? उत्तर टाळलं तर पुढचं दुकान गाठा. काम चांगलं झालं तरी पाट्याचं वय कमी होत नाही. आजवर खाल्लेल्या हादऱ्यांचा थकवा पोलादात तसाच राहतो. म्हणून माझ्या मते तयार सेट मिळतच नाही अशा गाडीसाठी, म्हणजे ज्यात चासी एकाची आणि पाटे भलत्याचेच आहेत तिच्यासाठी, हा उपाय राखून ठेवावा.

नवा सेट

खाली महिंद्राची जीप असेल तर फार विचार करू नका. पुढे-मागे चारही ठिकाणी पाटेच असतात आणि ते बाजारात मिळतात. ॲम्बॅसेडरमध्ये मागे पाटे, पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन वजन पेलणारा पोलादी दांडा), त्यामुळे हा सगळा हिशेब तिच्या मागच्या बाजूपुरता. सेट घेताना मेन पाट्याच्या एका बुशच्या (टोकाच्या भोकातल्या नळीच्या) मध्यापासून दुसऱ्या बुशच्या मध्यापर्यंतची लांबी, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, कमानीची खोली आणि सेंटर बोल्ट मधोमध आहे की एका बाजूला, एवढं लिहून न्या. फायबरची हलकी बॉडी असेल तर जीपचा पूर्ण सेट उलट जास्त ताठ पडतो. गाडी उंच उभी राहते आणि रिकामी उडते. अशा वेळी खालचा एखादा छोटा पाटा काढून बघायला हरकत नाही.

चार वर्षं तरी गाडी धंद्यात ठेवायची असेल तर माझं मत नव्या सेटला. कमान भरण्यापेक्षा खर्च जास्त, पण उंची आणि आयुष्य दोन्ही परत मिळतं. जुने पाटे दुकानात सोडू नका, त्यांची वखराची पास उत्तम होते.

ठोकळा आणि लांब शॅकल

ॲक्सल आणि पाट्याच्या मधला ठोकळा जेवढा जाड, तेवढीच गाडी उचलली जाते. ताठपणा बदलत नाही. एप्रिलमध्ये तारखा लागलेल्या आहेत आणि गाडी चार दिवसही सोडता येत नाही, तर सीझन निभावायला मागच्या बाजूला हा चालेल. एकच अखंड ठोकळा, सोबत पाटे ॲक्सलला बांधणारे लांब नवे यू बोल्ट. एकावर एक रचलेले नकोत. पुढच्या ॲक्सलला कधीही नको, ब्रेक मारताना तिथं पडणारा पीळ त्याला सोसत नाही.

शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी, लांब केली तर वाढीच्या निम्मीच उंची मिळते. शॅकल ४० मिलिमीटरनं वाढवली तर गाडी साधारण २० मिलिमीटर उचलली जाते. शिवाय ॲक्सल थोडा फिरतो, मागे असेल तर मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला थरथर येते, पुढे असेल तर स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. मी हा उपाय सुचवणार नाही.

शॉकअप बदलून बसलेली गाडी उठत नाही. शॉकअपचं काम उसळी आवरणं आहे, वजन पेलणं नव्हे. तेल गळत असेल तर बदला, पण त्या बिलातून उंचीची अपेक्षा करू नका.

खाली मारुती ८०० असेल तर

पुढे कॉइल स्प्रिंग असते. दोन वेढ्यांच्या मधे घालायचे रबर बफर स्वस्त आणि झटपट बसतात, पण तेवढे वेढे बांधले जातात आणि ताण बाकीच्यांवर जातो. स्प्रिंगच्या टोकाला स्पेसर घातला तर उंची मिळते, पण ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, आणि रबरी बूट फाटला की सांध्यात धूळ जाते. इथं नवी स्प्रिंगची जोडी हाच सरळ मार्ग. कॉइल तापवणं पूर्ण वर्ज्य. ती स्ट्रटमधून काढताना स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर नसलेल्या गॅरेजमध्ये काम देऊ नका, सुटलेली दबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

कागदांचं थोडं

मूळ मापाचे पाटे बदलणं ही दुरुस्ती. चासी कापणं, ॲक्सल सरकवणं हा बदल, आणि तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमांचा आधार इथं मिळत नाही. ते ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहेत, आणि तशी गाडी धंद्याला लावताही येत नाही.

काम कधी, कसं

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत गाडी उभीच असते, सेटचं काम तेव्हा काढा. सोबत बुश आणि यू बोल्ट नवेच घ्या, ताणलेला यू बोल्ट पुन्हा भरवशाचा राहत नाही. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उभी करून आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. गाडी उचलल्यावर मागच्या ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही खाली वाकून बघा. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर नवे पाटे थोडे बसतात. तेव्हा यू बोल्ट परत आवळा, तीच चार मापं पुन्हा घ्या आणि हेडलाइटचा झोत त्यानंतरच लावून घ्या, कारण मागची उंची बदलली की झोतही बदलतो.